नावेतला भात

लग्नाची पंगत बसायची वेळ झाली आणि सहाशे माणसांचा भात काढून ठेवायला गावात भांडं नव्हतं. लाखांदूरहून यायची भाड्याची मोठी पातेली दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात गेली होती. आचारी झारा घेऊन भैय्याजींसमोर उभा राहिला.

"भात शिजला जी. डेगीत आता वरण शिजवाचं हाये. काढू कशात, तुमच्या दुपट्ट्यात?"

भैय्याजी नवरीचे, खुशबूचे बाप, शिवाय गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे अध्यक्ष. ते मांडवभर भांडी शोधत फिरू लागले. त्यांची बायको रत्नाबाई मात्र शांत होती. ती म्हणाली, "नाव हाये ना आपली."

संस्थेला सरकारी अनुदानातून मिळालेली पहिली फायबरची नाव मांडवामागेच पडून होती. आजवर लाकडी डोंग्यावर मासोळी धरणाऱ्या या ढिवरांना तिचं इतकं अप्रूप, की पूजेचा मुहूर्त निघेपर्यंत तिला तलावात उतरवायचंच नाही असं सर्वानुमते ठरलं होतं. त्यामुळे ती कोरी करकरीत होती. बायांनी ती दोनदा धुतली, चादर अंथरली आणि वाफाळता भात ओतला. भाताची ती रास पाहून व्याहीही खूश झाले.

तेवढ्यात फोन वाजला. मत्स्य कार्यालयाच्या रिता मॅडम होत्या.

"भैय्याजी, मी तुमच्या गावाकडेच निघालेय. नाव तलावात चालू असल्याचा फोटो आजच पाठवायचाय. नाही गेला तर तुमच्या दुसऱ्या नावेचा प्रस्ताव रद्द होईल."

"मॅडमजी, आज खुशबूचं लगन हाये."

"पाच मिनिटांचं काम आहे. नाव पाण्यात दिसली म्हणजे झालं."

भैय्याजींनी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. एका नावेवर चाळीस सभासदांचं काय होणार? दुसरीसाठी त्यांनी भंडाऱ्याला चपला झिजवल्या होत्या.

"भात काढून ठेवू ना," संस्थेचा सचिव सचिन म्हणाला.

"कशात ठेवतं बाबू?" भैय्याजी म्हणाले.

शेवटी गड्यांनी नाव भातासकट उचलली, भातावर धुतलेली चादर आणि तिच्यावर नवं जाळं पसरलं, आणि मांडवाला लागूनच असलेल्या तलावात उतरवली. लग्न लावून नुकत्याच टेकलेल्या भटजींनी धावत येऊन नारळ फोडला. सचिन वल्हं घेऊन नावेच्या टोकावर बसला.

आपला भात पाण्यावर चाललेला पाहून वऱ्हाडी पत्रावळी सोडून तलावाच्या पाळीवर आले. व्याह्यांनी विचारलं, "आमचा भात कुठं चालला जी?"

"येऊन राहिला ना जी. एक चक्कर मारून येते."

एवढ्यात मॅडम आल्या. मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि थांबल्या.

"जाळ्यातून वाफ कसली निघतेय?"

"ऊन लय हाये, मॅडमजी. मासोळी तापली."

"आणि हे एवढे लोक?"

"सभासद हायेत."

"तो बाशिंग बांधलेलासुद्धा?"

"तो आजच झाला जी."

नेमका वारा सुटला आणि चिन्नोर तांदळाचा वास पाळीवर पसरला. मॅडमनी मोबाईल खाली घेतला. भैय्याजींना आता आवरेना. मुलीच्या अक्षता पडतानाही घट्ट राहिलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भात हाये, मॅडमजी. भांडे नव्हते. मले काढा अध्यक्षपदावरून, पण पोरांची दुसरी नाव थांबवू नका."

मॅडमनी फोटो काढला, जवळ धरून नीट पाहिला.

"यात नाव दिसते, जाळं दिसतं. वाफ दिसत नाही. आता ती काठाला लावा, मी सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

मॅडमनी दोनदा भात मागून घेतला. मग पत्रावळीसमोरच बसून मोबाईलमधली उरलेली माहिती भरू लागल्या. शेवटचा प्रश्न होता, नावेचा लाभ किती जणांना झाला. त्यांनी मांडवभर नजर फिरवली आणि सहाशे लिहून टाकलं.

एवढा लाभ कुठल्याच संस्थेने दाखवला नव्हता. दुसरी नाव लगोलग मंजूर झाली. ती ट्रॅक्टरवरून उतरताच, मुहूर्ताची वाट न पाहता भैय्याजी स्वतः तिला तलावाकडे ढकलू लागले. तेव्हा संस्थेचे जुने सभासद सेवकराम लगबगीने आडवे आले.

"उतरवू नका जी. परवा आमच्या अंजूचं लगन हाये. त्या नावेत भात, हिच्यात वरण."