एक जूनचे पाच भाऊ

जपानच्या बँकेत खातं उघडणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं प्रेमराज सगळ्यांना सांगायचा. तिथेच पोरगं फसलं!

तुम्ही त्याला ओळखत नसाल तर सांगतो. चोपड्याजवळच्या आमच्याच गावचा. जपानात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षांपासून कामाला आहे. जपानी फाडफाड बोलतो. निदान आम्हाला तरी तसं वाटतं, कारण आमच्यात तपासणार कोण? यंदा त्याचा साखरपुडा झाला, दोंडाईच्याच्या मगन आबांच्या नूतनशी. नूतन म्हणजे जिभेला धार, आणि जपानला जायला इतकी उतावीळ की तिनं दोन काड्यांनी शेवभाजी खायचा सराव सुरू केलेला. मगन आबांची अट एकच. लग्न लागलं की पोरगी नवऱ्याबरोबरच विमानात बसली पाहिजे. 'मी पुढे होतो, तिला मागून बोलावतो' असलं काही चालणार नाही. आता बायकोचा व्हिसा हवा तर प्रेमराजच्या तिथल्या खात्याचा बँकेकडून दाखला हवा. थोडक्यात काय, खातं धड तर लग्न धड.

खातं धडच होतं हो! त्याला धड राहू दिलं नाही ते प्रेमराजच्या उत्साहानं.

झालं असं की त्याच्या कारखान्यात आपल्याकडची पाच नवी पोरं लागली. चोपडा, यावल, शिंदखेडा, इकडचीच सगळी, आणि सगळी पाटील. नव्या परदेशी माणसाला तिथे आधी बँक हवी तर फोन नंबर मागतात, आणि फोन घ्यायला गेलं तर बँक मागतात. पोरं रडकुंडीला आली. प्रेमराज म्हणाला, चला माझ्याबरोबर. सुट्टीवर गावी निघायच्या आदल्या दिवशी पाचही जणांना घेऊन हा वरातीतल्या करवल्यासारखा बँकेत शिरला.

आत चिडीचूप शांतता. खिडकीपलीकडे तोंडाला मास्क लावलेली एक बाई. तिनं वाकून नमस्कार केला, यांनी सहा जणांनी वाकून परत केला. तिनं पाचही जणांची ओळखपत्रं एका ट्रेमध्ये ओळीनं मांडली आणि बघतच राहिली. नाव पाटील, पाटील, पाटील, पाटील, पाटील. पत्ता एकच, कारखान्याचं वसतिगृह. आणि जन्मतारीख? एक जून, एक जून, एक जून... साल तेवढं वेगळं!

आता हे तुम्हाआम्हाला नवीन नाही. आपल्याकडे पोराला शाळेत घालायला न्यायचं, गुरुजींनी तारीख विचारायची, आईनं 'कापूस वेचायला आला होता तेव्हाचा' असं सांगायचं, आणि गुरुजींनी शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून ठोकून द्यायची. अर्धा तालुका एक जूनला जन्मलाय! पण त्या बाईनं बिचारीनं तालुका कुठे पाहिलाय? तिनं फार अदबीनं विचारलं की हे सगळे भाऊ आहेत का?

इथे शहाणा माणूस नाही म्हणाला असता. प्रेमराज पडला गावचा. गावकीनं, भावकीनं, कसंही मोजा, भाऊच की! छाती काढून हो म्हणाला.

म्हणजे बाईच्या हिशेबात एका आईला वर्षाआड एक जूनला, न चुकता, एकेक मुलगा झालेला. तरी तिनं अदबीनं अर्जाचे कागद पुढे ओढले. तेवढ्यात आपला हिरो हसत म्हणाला की त्यात काय एवढं, मीही पाटीलच आणि माझीही एक जूनच आहे, आणि स्वतःचंही कार्ड ट्रेमध्ये ठेवलं.

बाई सहाही कार्डं घेऊन आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती एका साहेबाला घेऊन. दोघं कमरेत इतके वाकले की प्रेमराजला वाटलं, सत्कारच करतात आता. 'कळवतो' म्हणाले.

कळवलं ते हा गावी पोचल्यावर. ओट्यावर बसून नूतनशी फोनवर बोलत होता, तेवढ्यात बँकेचा मेल आला. जपानी पत्राची भाषा इतकी गोड असते की अर्ध्यापर्यंत त्याला अभिनंदनच वाटत होतं. खाली कळलं की ओळखीबाबत शंका आल्यामुळे पाच पोरांचे अर्ज तर थांबवलेच, आपल्या साहेबांचं चालू खातंही गोठवलं. प्रेमराजच्या हातातला चहा तसाच गार झाला. नूतन पलीकडून हॅलो हॅलो करतेय आणि हा नुसता पाण्यात पडलेल्या मांजरासारखा बघतोय.

मग सुरू झाली धावपळ. कारखान्याच्या ऑफिसात मोरी म्हणून एक भल्या बाई आहेत, त्यांनी बँकेत खेटे घालून या तारखा शाळेत ठरतात हे सांगितलं. बँकेचं म्हणणं पडलं की सहा जणांच्या तारखा एकच कशा, हे ठरवणाऱ्यानं सांगावं. आता ठरवणारे कोण? तोताराम गुरुजी! सहापैकी चौघांच्या तारखा त्यांच्याच हातच्या, उरलेल्या दोघांच्या त्यांच्या मेव्हण्याच्या शाळेतल्या. गुरुजी निवृत्त होऊन यावलला राहतात. प्रेमराज मोटरसायकल काढून गेला आणि त्यांना मागे बसवूनच घेऊन आला. तिथली खिडकी तीनला बंद होते, म्हणजे आपले साडेअकरा. त्याआधी मोरीबाई बँकेतून व्हिडिओ कॉल लावणार.

सकाळपासून ओट्यावर ही गर्दी! मगन आबाही दोंडाईच्याहून आले आणि पुढच्या खुर्चीत बसले. पोरीच्या विमानाचं काय होतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. गुरुजी कोट घालून, टोपी सरळ करून, शिक्षकदिनाला बसावं तसे बसलेले. प्रेमराजची आई भिकुबाई दारात उभी. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, आणि प्रेमराज मध्ये दुभाषी. चुकीचा एक शब्द गेला की खातं गेलं, खात्यामागे व्हिसा, व्हिसामागे नूतन.

पडद्यावर ती मास्कवाली बाई आणि तो साहेब आले. वाकले. अख्खा ओटा वाकला.

गुरुजी मात्र काय बोलले, वा! दाखल्याशिवाय पोरं यायची, आयाबापांना तारीख ठाऊक नसायची, मी त्यांना शाळेत बसवलं, मी त्यांना जन्मतारीख दिली, असं सगळं त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं. पासपोर्टापासून सगळीकडे मग तीच तारीख चालते, माणूसही तोच असतो, हेही सांगितलं. प्रेमराज घाम पुसत पुसत भाषांतर करत होता. पलीकडे ते दोघं माना हलवत होते. शेवटी साहेबानं हळूच विचारलं की मग पाटीलसान, तुम्ही खरोखर जन्मलात कधी?

प्रेमराजनं आईकडे पाहिलं. तिला तर कोणी विचारायचीच खोटी.

"पोळाना दुसरा दिन व्हता," भिकुबाई म्हणाली. "बठ्ठा गावले माहीत शे. बैलसना आंगवरना रंग बी निघना नव्हता, आनि तू व्हयना."

प्रेमराजनं ते बैलांच्या रंगासकट जपानीत केलं. साहेब पहिल्यांदाच हसला. आत जाऊन आला, दोघं परत वाकले, आणि म्हणाले की कागद सगळे एकमेकांशी जुळतात, शंका मिटली, खातं आजच सुरू होईल आणि पोरांचे अर्जही मार्गी लागतील.

ओट्यावर काय दंगा झाला म्हणता! कुणी गुरुजींना उचलायला निघालं, कुणी पेढे आणायला पळालं. प्रेमराजच्या डोळ्यांत पाणी. तो पाया पडायला मगन आबांपुढे वाकला, तर आबांनी पाय मागे घेतले.

"जावईबापू," आबा शांतपणे म्हणाले, "पोळा येतो भाद्रपदाच्या तोंडावर. मग एक जूनची पत्रिका आम्ही कोणाशी जुळवली?"

प्रेमराज वाकलेला तसाच राहिला, अगदी जपानी पद्धतीनं. सोयरीक जमताना आबांनी तारीख मागितली होती, आणि यानं सवयीनं, जशी सगळीकडे भरतो तशी एक जून पाठवली होती. वेळ सकाळी सहा, अंदाजपंचे. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले म्हणून दोंडाईच्यात तेव्हा बर्फी वाटली होती!

आबांनी तिथूनच त्यांच्या जोशीबुवांना फोन लावला. जोशीबुवा म्हणाले, दिवस कळला तेवढं बरं झालं, पण तास-मिनिट कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि तोवर लग्नाची तारीख थांबवा. म्हणजे बघा, बँकेनं गोठवलेलं सोडलं आणि सासऱ्यानं गोठवलं.

नूतनचा फोन आला. प्रेमराजला वाटलं, ही तरी धीर देईल.

"अहो, तिकडच्या साहेबाला बैलांचा रंग सांगत बसलात," ती म्हणाली, "तेवढ्यात घड्याळ बघितलं होतं का कोणी, ते विचारायचं होतं ना आईंना."

विचारलं. भिकुबाई म्हणाली की घड्याळ कुठलं रे, पण सुपडू दूधवाल्याची सायकल दारावरून गेली आणि तू रडलास, एवढं पक्कं.

प्रेमराज तसाच अनवाणी पळत सुपडूबाबाच्या खळ्यात गेला. म्हातारा उन्हात बसलेला. यानं हात जोडून विचारलं की बाबा, त्या काळी तुम्ही दूध घेऊन रोज किती वाजता निघायचात, आठवून सांगा, माझं लग्न अडलंय.

सुपडूबाबानं बराच विचार केला.

"म्हैस दूध दे तवय निघू, भाऊ," तो म्हणाला. "टाइम तिलेच माहीत. आनि ती तं मरी गयी."