अर्धा गुणिले देवराव सर

देवराव सरांना समोसा खाऊ घालणं म्हणजे आफत आहे राजेहो. ते आधी तो ताटलीत आडवा करतात, बोटांनी मापतात आणि हॉटेलवाल्याला सगळ्यांदेखत विचारतात, "पाया बोल. उंची बोल." बिचारा तळणं सोडून काहीतरी सांगतो. "गुणाकार केला? आता अर्धा कर! तुमी सगळे तो अर्धाच इसरता!"

सर निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्रिकोण काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या मांडवात लोक नवरी पाहतात, हे पताकांचं क्षेत्रफळ काढतात. शेलूबाजारात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि तिथला बाक ही सरांची हक्काची जागा. मलाही शाळेत गणित त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे उठवायची सोय नाही.

मग आमच्याकडून मोठा रस्ता गेला, तोही चांगल्या चौकोनी वावरांमधून तिरपा. ज्याच्या-त्याच्याकडे त्रिकोणी तुकडे उरले. लोक कपाळाला हात लावून बसले आणि सर खुशीत म्हणाले, "जिंदगीभर मी फळ्यावर काढले, आता सरकारनं वावरात काढून देल्ले!" मार खाता खाता वाचले.

तेव्हापासून माझ्या धंद्याची त्यांनी पार वाट लावली. गिऱ्हाईक सोयाबीनच्या बॅगा उचलतं, तोच बाकावरून आवाज येतो, "काहून बे, अर्धा केला का?" गिऱ्हाईक बोटं मोजतं, जीभ चावतं आणि निम्म्या बॅगा परत ठेवतं.

रस्त्यानं सरांचं वावरही त्रिकोणी करून टाकलं. त्यात निम्मा वाटा धाकट्या भावाचा, उत्तमकाकांचा. काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं धोशा लावला, की बाबा, वाटणी करा, तुमचा हिस्सा विका आणि इकडे राहायला या. सरांची बायको वारलेली, मुलगी सासरी. जवळचं माणूस म्हणजे हे काकाच.

मोजायला अर्थात सरच. दोघं भाऊ टेप घेऊन वावरात गेले. दुपारी सर दुकानात येऊन म्हणाले, "उंची तिरपी धरल्या गेली. उद्या परत मोजा लागते." दुसऱ्या दिवशी म्हणे वाऱ्यानं टेपाला झोल पडला. त्यानंतर म्हणे ऊन लई होतं, टेप तापून लांबला!

मला हसू आवरेना. अख्ख्या गावाची वावरं बसल्या जागी तोंडी सोडवणारा माणूस, आणि घरच्या वावरात रोज नापास! अशी संधी मी सोडतो होय? भर गिऱ्हाइकांत विचारलं, "सर, अर्धा केला का?"

सर हसले नाहीत. गिऱ्हाईक पांगल्यावर हळूच म्हणाले, "पह्यल्याच दिवशी झालं रे गणित. पण वाटणी झाली की उत्तम चालला पुण्याले. मंग मी इथं कोनासंग बोलू?"

मी गल्ल्यावरून उठून त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो.

मग सर म्हणाले, "खोटं तरी किती दिवस बोलू? उद्या हद्दीचे दगड लावून टाकतो. तू चाल संग."

सकाळी वावरात काका टेप घेऊन उभेच होते. सर मान खाली घालून म्हणाले, "उत्तम, जमलं बरं गणित. दोघाईले सारखं आलं." काका त्यांच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"नाही बावा," काका फोनवर सांगू लागले, "कुठं झालं? रोज मोजून राह्यलो, पण जमूनच नाही राह्यलं. तुह्या मोठ्या बाबाचंबी वय झालं आता. लागतीन अजून लई दिवस."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी फोन खिशात टाकला, टेपाचं एक टोक सरांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन रस्त्याच्या कडेकडे चालू लागले.

"धर दादा नीट," ते लांबून ओरडले, "पुन्हा पह्यल्यापासून मोजू."