सुगंधाबाईंच्या मुदपाकखान्यातील घंटेचे पारिपत्य

समुद्रास साक्ष ठेवून आणि तव्यास नमस्कार करून, सुगंधाबाई खानावळवाल्या यांचे मुदपाकखान्यावर जे संकट गुदरले आणि त्यांची भाची रश्मी हिने ते कैसे निवारिले, त्याची हकीकत लिहिली जाते ती येणेप्रमाणे.

मालवण बंदरी बाईंची खानावळ थोर नामांकित. रश्मी, संगणकविद्येत निपुण, मुक्काम कणकवली, हिने धंदा नवाच मांडिला होता आणि मावशी हेच पहिले गिऱ्हाईक. मग तिने दर मेजावर टॅब्लेट स्थापिला. पाहुण्याने मासा निवडावा आणि ‘पाठवा’ हे बटण दाबावे, मग मागणीचा निरोप घेऊन जासूद सर्व्हरदरबारी दौडत जावा आणि मुदपाकखान्यात घंटा वाजावी आणि बाईंनी मासा तव्यावर घालावा, ऐसा बंदोबस्त.

पहिलेच दिवशी कसालचे गुरुदास मास्तर, मासळीचे मोठे जाणते, येऊन बसले. सर्व माशांची विचारपूस झाल्यावाचून एकही पसंत करू नये, हा त्यांचा शिरस्ता. मग त्यांनी सुरमईवर बोट ठेविले, मग सरंग्यावर, मग मुडदुशांवर, आणि घंटा वाजतच राहिली, आणि बाईंनी तितके मासे तळून रवाना केले. मास्तर चकित होऊन म्हणाले की आपण अद्याप काही मागितलेच नाही. इतर मेजांवरही तोच आकांत. बाईंचा हुकूम सुटला, “जेवणां उठाच्या आत ह्यां सगळां सुदार, नायतर तुझी यंत्रां कणकवलीक परत घेवन जा.” रश्मीने मनात हिशेब मांडिला. सख्ख्या मावशीने यंत्रे परत धाडिली तर जिल्ह्यात दुसरे कोण दारात उभे करील?

परंतु ती हटली नाही. पडद्यावरील कोणत्या हालचालीने जासूद सुटतो आणि कोणत्याने नाही, याचे दफ्तर कोणी लिहिलेच नव्हते. मग तिने कागद घेऊन मोर्चा लाविला, आणि ती बाहेर बोट लावी आणि मावशी आतून घंटेची खबर देई. यादी उघडिली, घंटा नाही. माशाचे नाव निवडिले, घंटा. ‘पाठवा’ दाबिले, पुन्हा घंटा. फितूर सापडला. नुसते नाव बदलले तरी जासूद दौडत होता. रश्मीने त्या वाटेची नाकेबंदी केली, आणि जासुदाने केवळ ‘पाठवा’चा हुकूम मानावा ऐसे लिहून मोर्तब केले.

मग मास्तरांस पुनश्च पाचारण जाहले. त्यांनी सर्व मासे यथासांग फिरून पाहिले आणि मुदपाकखाना शांत. आता ‘पाठवा’ तेवढे दाबावयाचे. मास्तरांनी टॅब्लेट बाजूस सारिला आणि आत मान वळवून पुकारा केला, “सुगंधा, माका बांगडो घाल गो.” आणि तवा चरचरला.

रश्मीचा चेहरा उतरला. बाई झारा घेऊन बाहेर आल्या, भाचीचे मुखाकडे पाहिले, आणि फर्मान काढिले की यंत्रे राहतील, कारण मुंबईकर पाहुणे हाक मारावयास लाजतात. “आणि मास्तरांची हाक पण लिवन ठेव गो.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि दफ्तरी अखेरचे कलम दाखल जाहले: गुरुदास मास्तर हाक मारतात, जासूद जात नाही, बांगडा येतो. मग रश्मीने दफ्तर मिटिले आणि ती मघाची सुरमई खावयास बसली.