धावपट्टीवरचे बिबडे

गिरधर ओव्हरसिअरने जळगावच्या एस. टी. स्टँडवर चहाचा कप पुढे केला आणि वामनराव दिवेकर तिथल्या तिथे भडकले.

"हा काय प्रकार आहे?"

"चहा, साहेब."

"चहा आहे ते मला दिसतंय! मी तुमचा हिशेब तपासायला आलोय. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या घरचं पाणीसुद्धा मी घेत नाही. न्या तो मागे!"

गिरधरने कप मागे नेला आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकला. त्याला काय ठाऊक, की धुळ्याच्या हिशेब तपासणी कचेरीतले हे दिवेकर दौऱ्यावर स्वतःचा फिरकीचा तांब्या, स्वतःच्या दशम्या आणि स्वतःची दौतसुद्धा घेऊन हिंडतात! एकदा एका मामलेदाराच्या बैठकीत त्यांनी चुकून सुपारीचं खांड तोंडात टाकलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत टपालाच्या तिकिटांत परत पाठवली. असला माणूस सरळ असतो हे खरं, पण त्याच्याबरोबर टांग्यात बसणं म्हणजे शिक्षाच.

त्यातून तारीख एकतीस मार्च. गावाबाहेरच्या माळावर लढाईच्या काळातली एक विमानाची पट्टी होती. ती सुधारायला सरकारने पैसे मंजूर केले. मुरूम पडला, रोलर फिरला, वर डांबर आलं. आता पैशांचा दुसरा हप्ता हवा असेल, तर तपासनिसाने पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून एकतीस मार्चपर्यंत दाखला द्यायचा. दाखला नाही मिळाला तर हप्ता बुडाला, आणि झालेला खर्च ओव्हरसिअरच्या पगारातून वसूल! गिरधरच्या पोरीचं लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरलेलं. फैजपूरचे व्याही 'मुलीचा बाप सरकारी नोकरीत आहे' एवढ्यावरच तयार झालेले. नोकरीला धक्का लागला असता तर त्यांनी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली असती. भरीस भर म्हणून मुंबईचे मोठे साहेबही नागपूरला जाता जाता दुपारी त्याच पट्टीवर विमान उतरवून बघणार होते.

"साहेब, पट्टी एकदम चोख आहे," टांग्यात गिरधर पुन्हा पुन्हा सांगत होता. "काळीभोर. आरशासारखी."

"ते मी बघीन. मी कानांनी हिशेब तपासत नाही."

माळ आला. टांगेवाल्या नजीरने लगाम ओढला, कपाळावर हात धरून लांब पाहिलं आणि म्हणाला, "ओव्हरसिअर साहब, तुमची काळी पट्टी गोरी कशी काय झाली?"

गिरधर टांग्यातच उभा राहिला. पट्टी या टोकापासून थेट त्या टोकापर्यंत पांढरी होती. सगळी धोतरं! जुनी, फाटकी, ठिगळं लावलेली धोतरं एकाला एक लावून अंथरलेली, आणि त्यांवर ओळीने थापलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड. हातात पाण्याच्या वाट्या घेऊन अख्ख्या गावच्या बायका त्या ओळींमधून फिरत होत्या.

"ही विमानाची धावपट्टी आहे," दिवेकरांचा आवाज माळभर गेला, "की तुमचं वाळवणाचं अंगण?"

आता यात बायकांची चूक म्हणावी, तर तीही धड म्हणता येत नाही. खानदेशात उन्हाळा लागला की बिबडे थापायचे, आणि ज्या घरी लग्न असेल तिथे अख्ख्या गल्लीने हात लावायचा, ही रीतच. शिवाय सरकारी साहेब 'येतो' म्हणून दोन वर्षांत किती वेळा कळवून बसले आणि एकदाही आले नाहीत! कळवलेल्या दिवशी साहेब येत नसतो, हे गावाने अनुभवाने शिकलेलं. तेव्हा धूळ नाही, खडा नाही, वर सरकारी रखवालदार, अशी जागा सोडून कोणती शहाणी बाई घराच्या छपरावर चढेल? गिरधर पहाटेच जळगावला निघाला, आणि त्याची पाठ वळताच ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याची पातेली पट्टीवर आली.

"रखवालदार कुठे आहे?" दिवेकर ओरडले.

काठीला लाल फडकं बांधून कावळे हाकलत असलेला सुपडू धावत आला.

"सरकार तुला पगार कशाचा देतं?"

"पट्टीवर ढोर-बकरी येऊ न देण्याचा, साहेब."

"मग?"

"एक बकरी येऊ नाही दिली ना, साहेब! विचारा कोणालाही."

दिवेकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे बिबडे कोणाचे?"

सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मधली एक उंच बाई पदर खोचत पुढे आली. "मना शेतस. पोरनं लगीन शे."

"आणि तुम्ही कोण?"

गिरधरने मान खाली घातली. "आमची मंडळी, साहेब. शेवंताबाई."

"वा! वा वा!" दिवेकरांनी हात जोडले. "अहो ओव्हरसिअर, ज्याला घरचं माणूस आवरत नाही, तो सरकारची पट्टी काय आवरणार? उचला हे सगळं! ताबडतोब! मला रुंदी मोजायचीय."

"उचलता नही येस," शेवंताबाई शांतपणे म्हणाली. "वला शेतस. आते उचला ते गोळा होई जाई. सांजले या."

"दुपारी विमान येतंय, बाई!"

"विमान परत येई. बिबडा मोडना ते तो परत जुडी का?"

 दिवेकरांनी संतापून टेप काढली आणि पट्टीवर पाय टाकला. पाय टाकला तो नेमका बिबड्यावर! बायकांमधून असा गलका उठला, की टांग्याचं घोडं बिचकलं.

"जोडा काढा! ओ भाऊ, जोडा काढा पयले! अन्न शे ते, दिखत नही का?"

साऱ्या खात्याला धाक असलेल्या दिवेकरांनी मुकाट्याने जोडा काढला. एकाच्या तळाला बिबडा तसाच चिकटलेला. दोन धोतरांच्या मधून जेमतेम एक पाऊल मावेल एवढं डांबर उघडं होतं, आणि मार्चअखेरच्या उन्हात ते तव्यासारखं तापलेलं. दिवेकर "हुश्श" म्हणून एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्या पायावर, मग पुन्हा पहिल्या. हातात टेप, तोंडाने "रुंदी... हाय हाय... रुंदी लिहा!" आणि पलीकडे लांब उभा गिरधर "किती, साहेब? किती?" असं ओरडतोय. शेवटी एका म्हातारीला दया आली. तिने ओल्या फडक्याचा तुकडा त्यांच्या पायाखाली सरकवला. "उभा ऱ्हाय त्यावर, बापा."

तेवढ्यात आभाळात घरघर ऐकू आली.

गिरधर मटकन खाली बसला. "संपलं," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं लग्न गेलं."

विमान लहानसंच होतं, पण खाली आलं तसं त्याने माळाची धूळ उठवली. एक घिरटी झाली, दुसरी झाली. पट्टीवर उतरायला जागा कुठे, हे वैमानिकाला कळेना. दुसऱ्या घिरटीला ते इतकं खाली आलं, की वाऱ्याने धोतरांचे काठ फडफडू लागले. कडेचे चार बिबडे उडाले, आणि बायका ज्या टोकाला हात पुरेल त्या टोकावर बसल्या. दिवेकरांच्या शेजारचं धोतर भर्रकन वर उचललं गेलं. पुढे काय झालं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ते त्या धोतराच्या टोकावर आडवे पडले होते आणि विमानाकडे मूठ उगारून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "वर घ्या! अहो, वर घ्या ते! ओले आहेत! अन्न आहे खाली, दिसत नाही का?"

विमान वर गेलं आणि नागपूरच्या दिशेने दिसेनासं झालं.

संध्याकाळी बिबडे वाळले, बायकांनी धोतरं उचलली, आणि खालून काळीभोर पट्टी निघाली. दिवेकरांनी लांबी, रुंदी, डांबराचा थर, सगळं मोजलं. कुठे बोटभर कमी नव्हतं. गिरधर नवऱ्याच्या नात्याने गरीब असेल, पण ओव्हरसिअर म्हणून खरा होता. दिवेकरांनी दाखला लिहिला, सही केली, आणि धुळ्याच्या शेवटच्या गाडीत पोळलेले पाय वर घेऊन बसले.

आठ दिवसांनी मुंबईहून लखोटा आला. तो वाचता वाचता दिवेकरांच्या कपाळाची शीर उडू लागली. मोठ्या साहेबांनी विमानातून पाहणी करून शेरा मारला होता: 'धावपट्टी पांढऱ्या सिमेंटची, अतिशय सुबक. काम प्रशंसनीय.' त्यावर खालच्या अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, की मंजुरी डांबराची असताना सिमेंट कोणाच्या हुकमाने वापरलं? खुलासा न आल्यास सिमेंटची किंमत ओव्हरसिअरकडून वसूल करावी. आणि प्रत्यक्ष पाहणी करूनही श्री. दिवेकर यांच्या नजरेस सिमेंट कसं पडलं नाही, याचाही जबाब द्यावा!

"माझ्या नजरेस?" दिवेकर कचेरीत गरजले. "मी त्यावर आडवा पडलो होतो!"

आखाजी जवळ येत होती. तिकडे गिरधरला अन्न गोड लागत नसेल, या विचाराने दिवेकरांचा राग आणखीच वाढला. त्यांनी खुलासा लिहिला: 'पांढरा थर सिमेंटचा नसून ज्वारीच्या बिबड्यांचा होता. पुराव्यादाखल नमुना सोबत जोडला आहे.' नमुने गिरधरकडून रीतसर मागवले होते. एक पुडकं मुंबईला गेलं, दुसरं दोऱ्याने बांधून त्यांनी फाइलसाठी आपल्या पिशवीत ठेवलं.

मुंबईचं उत्तर आलं: 'नमुना मिळाला. तपासणीअंती तो सिमेंट नसल्याची खात्री झाली. तथापि काही अधिकाऱ्यांना तपासणीचा लाभ मिळाला नाही. नमुना पुरेशा प्रमाणात पुन्हा आल्यावर आक्षेप मागे घेण्याचा विचार करण्यात येईल.'

त्या रात्री जेवताना दिवेकरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "तपासला म्हणे! तपासला कसला, तळला! सरकारी पुरावा गिळून बसले, आणि वर आणखी मागतात! एका गरीब ओव्हरसिअरच्या पोरीच्या लग्नातलं वाळवण खाल्ल्याशिवाय याची फाइल मिटत नाही? मी सोडतो की काय! उद्याच्या उद्या वर तक्रार करतो. माझ्याकडे दुसरा नमुना आहे. तो पुढे ठेवतो आणि विचारतो, की लाज... हे काय आहे गं? फार कुरकुरीत झालंय. आण आणखी."

"संपलं की," त्यांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या. "तुमच्याच पिशवीत होतं. दोऱ्याने बांधलेलं. म्हटलं, एवढं चांगलं वाळवण पिशवीत का कुजवायचं? घेतलं तळून."

दिवेकरांचा हात ताटातच राहिला. एवढी वर्षं दुसऱ्याच्या चहाला तोंड न लावलेल्या माणसाने अर्धी फाइल खाल्ली होती, आणि मिटक्या मारत! गिरधरला माळावर काय सुनावलं होतं, तेही त्यांना आठवलं. घरचं माणूस आवरत नाही, म्हणे.

ते ताटावरून उठले. मग हात धुऊन टेबलाशी बसले आणि मुंबईला लिहिलं: 'फाइलमधील नमुनाही या कार्यालयात तपासणीत संपला. दोन्ही कार्यालयांची खात्री पटली आहे. आक्षेप चालू ठेवायचा झाल्यास दोन्ही ठिकाणी कोणी किती तपासला, याची नावानिशी नोंद करावी लागेल. माझं नाव पहिलं घालावं.'

उलट टपाली दोन शब्द आले: 'आक्षेप मागे.'

आखाजीला गिरधरच्या पोरीचं लग्न धूमधडाक्यात झालं. दिवेकर अर्थातच गेले नाहीत. तपासनीस तिथे जेवतो कसा? उलट त्यांनी बिबड्यांची पुरेपूर किंमत मनिऑर्डरने शेवंताबाईंच्या नावे पाठवली, आणि तेव्हा कुठे त्यांना शांत झोप लागली.

चौथ्या दिवशी मनिऑर्डर परत आली. मागोमाग गिरधरचं कार्ड: 'साहेबांना नमस्कार. पैसे घ्यायला आमची मंडळी तयार नाही. तिचं म्हणणं, साहेब त्या दिवशी भर उन्हात आमच्या धोतरावर पडून राहिले, वाळवण राखलं. जे हात लावतात त्यांना बिबडे द्यायची आमच्यात रीत आहे. ती तुमची मजुरी झाली.'

दिवेकर ताडकन उठले. "मजुरी? म्हणजे ज्याचा हिशेब तपासला त्याच्या बायकोकडे मी कामाला होतो? आणि मजुरी खाऊनही बसलो? अगं, ऐकतेस का? हे आता मी कोणत्या तोंडाने आणि कुठे दाखवू?"

इंदिराबाईंनी कार्ड हातात घेतलं आणि सावकाश वाचलं. मग नवऱ्याच्या अजून पुरत्या न भरलेल्या तळपायांकडे पाहिलं.

"हो, पण मजुरी कमीच दिली हं," त्या म्हणाल्या. "एवढ्या उन्हात पडलात. आणखी दोन डझन तरी मागून घ्या."