साहेबांचा राउंड

आमच्या शिंगणापुरात सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला रस्त्यानं एक उघडी छत्री जाताना दिसते. गंमत अशी, की छत्री धरणारे बन्सीआबा स्वतः उन्हात असतात. टकलावर घाम चमकत असतो आणि छत्री हात लांब करून पुढं, गुडघ्याइतक्या उंचीवर धरलेली असते. वाकून पाहिलं तर तिच्या सावलीत एक काळं कुळकुळीत कासव चाललेलं असतं. पायांवर लाल ठिपके आणि पाठीवर, उसाच्या बैलगाडीला मागून लावतात ना, तसली रेडियमची पट्टी. कुणी हटकलंच तर आबा तोंडावर बोट ठेवून सांगतात, "गप. साहेब राउंडला निघालेत."

मी या गावात आले ती सोनईच्या शाळेत बदली झाली म्हणून. आबांच्या घरासमोर शांताकाकूंकडे भाड्यानं खोली मिळाली. शिंगणापुरातल्या घरांना दारं नसतात हे मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं आणि तसल्या घरात पाठ टेकणं वेगळं. पहिल्याच दिवशी मी काकूंना विचारलं, "काकू, कडी कुठं आहे?" त्या म्हणाल्या, "दारच न्हाई तर कडी कशाला लावता, बाई?" हल्ली नव्या इमारतींना सरकती दारं आलीत, पण आमच्या आळीत अजून जुनाच कारभार. चौकट असते, पडदा असतो, कुत्री शिरू नयेत म्हणून आडवी लावायला एक फळी असते, आणि बाकीचं शनिदेव बघतो.

आबांच्या घराला तर पडदा नाही आणि फळीही नाही. नुसती चौकट. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांच्या चुलीवर काय शिजतंय तेही दिसावं असा प्रकार. आणि हा माणूस जन्मभर साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन! दिवसभर दुसऱ्याचं गेट लावायचं-उघडायचं आणि ड्युटी संपली की बिनदाराच्या घरात येऊन घोरायचं. रिटायर होऊन कैक वर्षं झाली, तरी गेट अंगातून गेलेलं नाही. कुणी उंबऱ्यात उभं राहून बोलायला लागलं की त्यांचा सवाल तयार. "आत का बाहेर? मधी थांबू नका, वाहातूक अडती." वाहतूक म्हणजे शांताकाकूंची एखादी कोंबडी.

बायको वारल्यावर मुलानं, रमेशनं, त्यांना केडगावच्या फ्लॅटवर नेलं होतं. तिथं आबांनी फ्लॅटचं दार सताड उघडं टाकलं, त्यात खुर्ची मांडली आणि जिन्यानं चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, "आत का बाहेर?" आठवडाभरात सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून भेटायला आले. आबा एसटीनं परत. वर मला सांगतात, "बाई, त्या दाराला डोळा हाय. आतलं मानूस बाहेरच्याला बघतं, पन बाहेरच्याला आतलं दिसत न्हाई. असली लबाडी मला जमायची न्हाई."

कासव आलं ते त्याच फ्लॅटमधून. नातीसाठी, ओवीसाठी, रमेशनं दुकानातून रीतसर कागद करून परदेशी जातीचं पिल्लू आणलं होतं. ते वाढलं. पहाटे उठून खुर्च्या-टेबलं ढकलायला लागलं. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, की तुम्ही रोज सूर्य उगवायच्या आत फर्निचर का हलवता? शेवटी गेल्या उन्हाळ्यात रमेशनं कासव खोक्यात घातलं आणि आबांकडे आणून सोडलं. ओवीनं निघताना बजावलं, "आजोबा, हरवलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." आबांनी तिला गेटवरचा कडक सलाम ठोकला.

पहिल्या दिवशी आबांनी त्याला बाजरीची भाकरी कुस्करून दिली. कासवानं मान आत घेतली. आबांचा जीव खालीवर. "बाजरी खाईना म्हंजे जगनार कसं हे?" मग ओवीनं मोबाईलवर समोरासमोर शिकवणी घेतली. लाल भोपळा, राजगिऱ्याचा पाला, जास्वंदीची फुलं. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या जास्वंदी बोडक्या दिसू लागल्या. विचारलं तर आबा म्हणायचे, "पूजेला नेलीत." कुणाच्या पूजेला, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कासव आत मिटून बसलं की आबा पाठीवर बोटानं टकटक करतात. शांताकाकू हसून म्हणाल्या, "साऱ्या गावात दार असलेला ह्यो एकटाच गडी हाय, वाजवून जावं लागतं." आबांना ते इतकं आवडलं की येईल-जाईल त्याला ऐकवत सुटले.

पण या दार असलेल्या गड्याला बिनदाराच्या घरात ठेवायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. ऊन अंगावर आलं की साहेब उठणार, उंबऱ्याच्या झिजलेल्या कडेवरून घसरणार आणि रस्त्याला लागणार. सांगायला सगळे तयार. शांताकाकू म्हणाल्या, फळी लावा. पलीकडचा पानवाला म्हणाला, पाठीला भोक पाडून दोरी बांधा. त्या दिवसापासून आबांनी त्याच्याकडचं पान सोडलं. माझंही मत फळीकडेच होतं. आबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच बोलायचे, "घरातल्या मानसाला कोन फळी लावतं?" मग छत्री उचलायचे आणि साहेबांच्या मागं चालायला लागायचे. साहेब थांबले की आबा थांबणार. साहेबांनी गवताचं पातं चघळलं की आबा शेजारी उकिडवे बसणार. कधीकधी चार घरं पुढं जाऊन यायला सकाळ सरते. मला शाळेतून यायला उशीर झाला तर काळजी करणारं इथं कुणी नाही. या कासवाचा मात्र, खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

एकदाच आबांची नजर चुकली, आणि तीही शनिवारी. शनिवारी आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. आबा पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात साहेब रस्त्याकडेला, अंग मिटून, उन्हात बसले. काळं, गोल, गुळगुळीत. बाहेरगावचे एक गृहस्थ तेलाची बाटली घेऊन दर्शनाला चालले होते. त्यांना वाटलं, ही वाटेवरची शिळा असणार. त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि अर्धी बाटली साहेबांवर ओतली. वर रुईच्या पानांची माळ घातली. त्यांचं बघून मागच्या दोघांनी उडीद वाहिले. मी ओट्यावरून ओरडेपर्यंत शिळेनं मान बाहेर काढली आणि माळेसकट चालू लागली. गृहस्थ "चालली! चालली!" करत खाली बसले. आबा धावत आले, आधी माळ ओढून काढली आणि मग हात जोडून म्हणाले, "पाव्हनं, देव तिकडं फुडं हाय. हे आमचं घरचं मानूस हाय." मग साहेबांना डाळीचं पीठ लावून कोमट पाण्यानं अंघोळ. दिवाळीत लेकराला घालतात तशी, कानामागून सुद्धा. कासवाला कान कुठं असतात ते आबांनाच माहीत.

मी हसायचे. गावही हसायचं. वॉचमनच तो, ड्युटी सुटली तरी राउंड सुटला नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

मग श्रावणात आबा ओट्याच्या पायरीवर घसरले. गुडघा सुजून भोपळा झाला. सोनईच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही. फोनवर रमेश चिडला. "आबा, रविवारी येतो. तुम्ही केडगावला चला. कासव मित्राच्या मळ्यावर सोडतो, तिथं कुंपण आहे." आबा नुसतं "बरं" म्हणाले. असं नुसतं "बरं" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला फार वाईट वाटलं. बाजेवर पडलेला माणूस आणि रस्त्याला लागणारं कासव. कासव तरी जाग्यावर राहिलं असतं, तर रमेशला समजावता आलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा उरकून मी आले. रस्त्यावर गाड्यांची रीघ. मी काकूंची फळी आणली आणि आबांच्या चौकटीत आडवी बसवली. "आबा, आता निर्धास्त पडा. साहेब कुठं जात नाहीत. रमेशदादांनाही दाखवता येईल."

आबांनी फळीकडे पाहिलं. थोड्या वेळानं साहेब उठले, उंबऱ्यापर्यंत आले, फळीवर आपटले. थांबले. मग पुढच्या पायांनी फळी खरडायला लागले. खर्र. खर्र. मी आतून आबांसाठी चहा आणला, तरी आवाज चालूच.

"बाई, ती फळी काढा."

"आबा, आज शनिवार आहे. बाहेर गर्दी बघा किती."

"काढा म्हनतो ना!"

त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा त्यांनाच तो सोसला नाही. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत ते हळू बोलायला लागले.

"रमेशच्या आईला शेवटी शेवटी काय कळंना गेलतं. घर वळखायची न्हाई, मला वळखायची न्हाई. जेवान झालं की उठायची आन् निघायची. म्हनायची, माहेरी जायचंय. लोकं म्हनली, आबा, फळी लावा. मी न्हाई लावली. ती निघाली की मी मागं. फुडं गेलो की भ्यायची, मी वळखीचा न्हवतो ना. म्हनून मागूनच छत्री धरायची. लोकं इचारायची, कुठं निघाला? आता काय सांगनार? मी म्हनायचो, साहेब राउंडला निघालेत. दमली की आपसूक वळायची. उंबऱ्यात आली की इचारायचो, आत का बाहेर? कदी कदी म्हनायची, आत. लई बरं वाटायचं."

खर्र. खर्र.

"एकदाच लावली फळी. असाच गुडघा धरला हुता. एकच दुपार. तिला वलांडता यीना. हितंच बसली आन् नखानं खरडत ऱ्हायली, आसंच. मग माज्याकडं बघून म्हनली, ओ पाव्हनं, मला घरी जाऊ द्या की." आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पाव्हनं म्हनली मला, बाई."

गावात सगळ्यांना हे माहीत होतं. मी नंतर आलेली, मलाच कुणी सांगितलं नव्हतं. मी चहा खाली ठेवला आणि फळी उचलली. साहेबांनी क्षणभर मान वर करून पाहिलं आणि उंबऱ्यावरून घसरले. मी खुंटीवरची छत्री काढली.

छत्री धरून कासवामागं चालणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. हात भरून येतो, पाठ धरते आणि शाळेतली मुलं दिसली तर मान वर करवत नाही. पण लोक आपणहून बाजूला होत होते. एक टेम्पोवाला इंजिन बंद करून थांबला. एक गृहस्थ बाटली काढून खाली वाकले, तर माझ्याच तोंडून निघालं, "पाव्हनं, देव तिकडं फुडं हाय!" पानवाल्यानं न बोलता माझ्यासाठी स्टूल बाहेर आणून ठेवलं. परत आलो तेव्हा आबांनी बाजेवरूनच विचारलं, "आत का बाहेर?" मी म्हटलं, "आत, आबा." त्यांनी चहा मागितला, गरम करून.

रविवारी रमेश आला. एका हातात बॅग आबांच्या कपड्यांसाठी, दुसऱ्या हातात तोच खोका. त्यानं समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. मी आणि काकू आलटूनपालटून कासव सांभाळू म्हणालो, तर म्हणाला, "बाई, किती दिवस सांभाळाल?" एवढ्यात ऊन अंगावर आलं आणि साहेब कोपऱ्यातून उठले. रमेशच्या बॅगेला वळसा घालून उंबऱ्याकडे निघाले. आबांनी सवयीनं बाजेच्या काठाला धरून उठायची धडपड केली.

"पडा तुम्ही," रमेश म्हणाला. मी छत्रीकडे हात नेला, तर त्यानं ती माझ्याआधीच खुंटीवरून काढली होती. "असू द्या, बाई. मला येतं हे. आईच्या मागं सुट्टीच्या दिवशी मीच जायचो."

आता आबांचा गुडघा बरा आहे आणि राउंड पुन्हा त्यांच्याकडे आहे. रविवारी मात्र रमेशची पाळी. तो केडगावहून ओवीला घेऊन येतो आणि खोक्यात भोपळा आणतो. पण त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. रमेश छत्री उघडून चौकटीत उभा होता, कासव रस्त्याला लागलं होतं, आणि मागं वळून बघावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"आत का बाहेर?" बाजेवरून आबांनी विचारलं.

"बाहेर, आबा. साहेबांच्या मागं."

"जा. सावकाश जाऊ द्या त्यास्नी," आबा म्हणाले. "घर उघडंच हाय."