दिगंबरराव चौकशीला येतात

आमच्या पंख्यांच्या कारखान्यात कुणी सलग दोन दिवस आलं नाही, की तिसऱ्या दिवशी दिगंबरराव त्याच्या दारात सायकल लावत. ते हजेरी कारकून. रजेच्या अर्जातल्या कारणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"बुखार आला म्हणून लिहिता. बुखार नेमका सोमवारीच कसा येतो जी? इतवारी त्याला पण छुट्टी असते का?"

शिक्षण उर्दूत, घर मराठी आणि कामगार तेलुगू. त्यामुळं त्यांचं एकेक वाक्य तीन गावं फिरून यायचं.

एकदा अंबरपेठचा यादगिरी पाठदुखीनं घरी होता. दिगंबरराव पोचले तेव्हा तो शिडीवर चढून भिंतीला चुना लावत होता. काम संपेपर्यंत खाली शिडी धरून उभे राहिले. तो उतरल्यावर म्हणाले, "पाठ तर बरी दिसते. दुखतंय कुठं?"

दुखणं फोरमन निघालं. त्यानं यादगिरीला सगळ्यांदेखत गाढव म्हटलं होतं. दिगंबररावांनी अर्जावर 'पाठ' खोडून 'फोरमन' लिहिलं आणि कागद मॅनेजरपुढं ठेवला.

"हे तुमचं काम नाही," मॅनेजर म्हणाले.

"हौ साहेब. ज्याचं आहे तो करत नाही."

यादगिरीची बदली पॅकिंगमध्ये झाली.

लक्ष्मम्मा नेहमी चक्कर येते म्हणून अर्ध्या दिवसानं घरी जायची. चौकशीत कळलं, शेडमध्ये बायकांसाठी संडास नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. दुसऱ्या दिवशी दिगंबरराव दर तासाला मॅनेजरपुढं पाण्याचा ग्लास ठेवू लागले. चौथ्या ग्लासनंतर मॅनेजर उठले, तेव्हा हे दारात.

"बसा साहेब. लक्ष्मम्मा चक्कर येईपर्यंत बसते."

पुढच्या महिन्यात वीट-सिमेंट आलं.

मग कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्याच्यामागून हजेरीचं कार्ड घालायचं यंत्र आलं आणि दिगंबररावांना स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. यातली स्वेच्छा कुणाची, एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच वर्षी माझे सासरे अंथरुणाला खिळले. नवरा फिरतीवर. आठ दिवस मी कामावर गेले नाही. राजीनामा लिहून तयार ठेवला. नवव्या दिवशी विद्यानगरला आमच्या फाटकाशी सायकल वाजली.

"आता तुम्ही कुठं नोकरीत आहात दिगंबरराव?"

"यंत्र सांगतं कोण आलं नाही. का आलं नाही, ते सांगतं का बाई?"

मी सगळं सांगितलं. चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"आमची मंडळी सुलतान बाजारच्या शाळेत शिकवायची," ते म्हणाले. "खडूनं दमा झाला. मीच म्हटलं, सोड नोकरी, आराम कर. रोज साडेदहाला पातळ बदलून खिडकीत बसायची. शाळेतून कुणी तरी विचारायला येईल, म्हणून."

"आलं कुणी?"

"शाळेतलं तर कुणी नाहीच आलं. घरात मी होतो. मी पण नाही विचारलं. आता ती नाही."

ते उठून आत सासऱ्यांकडं गेले, त्यांची उशी नीट केली आणि दाढीचं सामान कुठं ठेवलंय ते विचारून घेतलं.

"उद्यापासून दिवसभर मी बसतो यांच्याजवळ. मला तरी घरी कोण आहे."

दुसऱ्या दिवशी नऊला ते आले. मी डबा घेतला आणि कामावर निघाले.