सासऱ्यांच्या पोटावरून गेलेली गाडी

माझी गाडी तासाला दोन किलोमीटर जाते आणि मला याचा अभिमान आहे! हसू नका. ही रिमोटवर चालणारी, दगडधोंडे चढणारी गाडी आहे. असली गाडी पळवायची नसते, चढवायची असते. पुढच्या चाकांत पितळी वजनं, टायरात मऊ फोम, गिअर असा की मोटर थकत नाही आणि गाडी मागे सरकत नाही. तीन महिने गॅलरीत बसून मी ती जुळवली.

त्या गॅलरीवरच बायकोचा डोळा होता.

"रविवारी बाबा येतायत," ती म्हणाली. "त्यांनी गाडी पास केली तर गॅलरी तुझी. नापास केली तर सगळा पसारा भंगारात!"

तिचे बाबा म्हणजे निवृत्त वाहन तपासनीस. पस्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांत खोट काढली. आले तेही पॅड आणि पेन घेऊन!

मी हॉलमध्ये घाट उभा केला. उशा, शब्दकोश, पालथं पातेलं, मग सोफा आणि शेवट दारातल्या पायपुसण्यावर. सासरे नेमके सोफ्याच्या मधोमध बसले.

"नियम काय?" त्यांनी विचारलं.

"एकच, बाबा. गाडी शेवटाला पोहोचेपर्यंत हात लावायचा नाही. हात लागला की बाद! आमच्या क्लबात याबाबतीत कुणाची गय करत नाहीत."

त्यांनी ते लिहून घेतलं. "मी उठू का?"

"छे हो! बसा निवांत. तुम्हालाही ओलांडून जाईल!"

इथे माझी जीभ मला नडली.

गाडी उशा चढली, शब्दकोश चढली, पातेल्यावरून डुलत उतरली. सोफा चढून सासऱ्यांच्या पोटावर आली तेव्हा तेसुद्धा "वा!" म्हणाले. त्यांच्या अंगात बायकोने विणलेला स्वेटर होता. तिच्या हातून पूर्ण झालेला आयुष्यातला एकमेव! गळ्याकडून खाली विणत आणलेला आणि शेवटची गाठ सैल राहिलेला. ते टोक पुढच्या चाकात अडकलं.

गाडी पलीकडे उतरली. स्वेटरची एक ओळ तिच्यामागून निघाली. मग दुसरी.

"अरे, थांबव!" बायको ओरडली.

मी थांबवली, घाबरून मागे घेतली. आता मागचं चाकही लोकरीत गुंतलं. पुन्हा पुढे घेतली. आणखी चार ओळी गेल्या. वेगवान गाडी असती तर धागा तटकन तुटला असता. माझी गाडी दमानं, प्रेमानं उसवत होती!

बायको कात्री घेऊन धावली. "बाबा, हलू नका, कापते!"

"खबरदार!" सासरे गरजले. "परीक्षा चालू आहे! हात लावायचा नाही!"

"बाबा, स्वेटर चाललाय!"

"नियम म्हणजे नियम! जावईबापू, चालवा!"

मी चालवली. काय करणार? चाकं लोकर गुंडाळत होती आणि गाडी इंचाइंचानं सरकत होती. बाबांचं पोट उघडं पडलं, मग बरगड्या दिसू लागल्या. ते ताठ बसून घड्याळ बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी जन्मात पहिल्यांदा माझी गाडी फार हळू चालते असं म्हणालो.

अकरा मिनिटांनी लोकरीचा एक भलामोठा गोळा घरंगळत पायपुसण्यावर पोहोचला. आत कुठेतरी माझी गाडी होती. सासऱ्यांच्या अंगावर दोन बाह्या, गळा आणि वीतभर छाती झाकेल इतकाच स्वेटर उरला होता.

त्यांनी शांतपणे पॅडवर लिहिलं, सही केली आणि वाचून दाखवलं.

"गाडी पास."

मी उडीच मारली!

"चालक नापास. परवाना रद्द." त्यांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. "चालवायला मी येत जाईन."

तेव्हा गॅलरी वाचली, पण गाडीसाठी. मी तिथेच एका कोपऱ्यात सुया घेऊन बसतो आणि युट्यूबवर बघून स्वेटरचा खालचा भाग विणतो. सासरे दर रविवारी येतात, तासभर गाडी चालवतात आणि जाताना पॅड काढून माझं विणकाम तपासतात.

काल पोटाचा घेर तिसऱ्यांदा नापास झाला.